दिवाणाच्या भाषणातून गळलेले शब्द: नाट्यसंहितांच्या एक्सएमएल रूपांतराचा एक प्रकरण अभ्यास

सांगलीच्या गावभागातील एका घराच्या माळ्यावर संगीत नाटकांच्या अकरा हस्तलिखित वह्या होत्या. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी त्या घराच्या जिन्यापर्यंत आले. वह्या माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या, परंतु दमट हवेने दोन वह्यांची शाई पसरली आणि त्यानंतर घरमालकांनी ठरवले की हा मजकूर कागदाबाहेरही कोठेतरी असला पाहिजे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जेथे आपले पहिले नाटक रंगभूमीवर आणले, त्या गावात नाटकाची जुनी वही रद्दीत जात नाही. तरीही ती पुरात जाऊ शकते, हे त्या वर्षी सर्वांनी पाहिले होते. वह्यांची छायाचित्रे काढणे, मजकूर टंकित करणे व त्यावर खुणा घालणे हे काम एक निवृत्त मराठी शिक्षक आणि दोन टंकलेखिका यांनी केले. खुणा घातलेल्या मजकुरापासून हव्या त्या प्रती तयार करण्याचे काम माझ्याकडे होते आणि हा अभ्यास त्या कामापुरता आहे.

एकाच मजकुरातून चार गोष्टी हव्या होत्या. पहिली म्हणजे संगणकावर किंवा मोबाइलवर वाचता येईल अशी वाचनप्रत. दुसरी म्हणजे नकला, अर्थात प्रत्येक पात्रासाठी त्याची स्वतःची भाषणे आणि प्रत्येक भाषणाआधी समोरच्याच्या वाक्यातील शेवटचे दोन-तीन शब्द. एका हौशी नाट्यमंडळीला यातील एक नाटक बसवायचे होते आणि त्यांना पूर्ण संहितेपेक्षा नकलांची निकड अधिक होती. तिसरी पानवार प्रत, जिच्यात वहीच्या प्रत्येक पानाच्या छायाचित्राशेजारी नेमका त्याच पानावरचा मजकूर दिसेल. चौथी पदांची सूची, राग, ताल आणि 'अमुक पदाच्या चालीवर' अशा नोंदीसह.

खुणा एक्सएमएलमध्ये, म्हणजे मजकुराचा प्रत्येक भाग कोनी कंसांतील नावांत (टॅगमध्ये) गुंडाळण्याच्या पद्धतीत, घातल्या. टॅगची नावे मराठीत ठेवण्याचा आग्रह संपादक सरांचा, म्हणजे त्या निवृत्त शिक्षकांचा, होता, आणि तो योग्य होता. एक्सएमएलमध्ये टॅगचे नाव देवनागरीत असण्यास काहीही आडकाठी नाही. १९९८ च्या मूळ शिफारशीपासूनच ती मुभा आहे. टंकलेखिकांना इंग्रजी संक्षेप पाठ करावे लागले नाहीत आणि खुणांमधील चुका वाचून सापडू लागल्या. एका भाषणाचा नमुना असा:

<भाषण><पात्र>दिवाण</पात्र>महाराज, <सूचना>थबकून</सूचना> क्षमा असावी, पण <दुरुस्ती मूळ="ही मोहोर">ही मुद्रा</दुरुस्ती> आपली नव्हे.</भाषण>

वहीत 'मोहोर' हा शब्द खोडून वर 'मुद्रा' लिहिलेले आहे, म्हणून दुरुस्तीची खूण. या एका ओळीतच सगळी अडचण सामावलेली आहे. मजकूर आणि टॅग एकमेकांत मिसळलेले आहेत, आणि कोणत्या टॅगमध्ये कोणता टॅग येईल हे आधी सांगता येत नाही. भाषणात पद येते, पदाच्या मध्येच सूचना येते, सूचनेतही दुरुस्ती असते, आणि एका वहीत तर एका सूचनेच्या आत पात्राने गुणगुणायची अर्धी ओळ आहे.

पहिली पद्धत: क्रमवार प्रोग्राम

मी सुरुवात पायथन ही प्रोग्रामिंग भाषा आणि तिची एक्सएमएल वाचणारी एलएक्सएमएल ही लायब्ररी यांनी केली, कारण ती सवयीची होती. प्रोग्राम वरून खाली जातो. अंक घेतो, अंकातील प्रवेश घेतो, प्रवेशातील प्रत्येक भाषणावर लूप फिरवतो, पात्राचे नाव वेगळे काढतो आणि उरलेला मजकूर छापतो. कोठे जायचे, कोणत्या क्रमाने जायचे आणि पुढे काय करायचे हे सर्व प्रोग्रामच्या हातात असते. पदांची सूची या पद्धतीने एका दुपारी तयार झाली. नकलाही दोन दिवसांत तयार झाल्या आणि छापून मंडळीकडे गेल्या.

नकलेत दुसऱ्या कोणाच्या हालचालीच्या सूचना नकोत, अशी मंडळीची मागणी होती. मी सोपा मार्ग घेतला: भाषणातील सूचनेचे सर्व टॅग काढून टाकायचे आणि उरलेला मजकूर जोडायचा. दिवाणाच्या नकलेत वाक्य असे छापले गेले: 'महाराज, ही मुद्रा आपली नव्हे.'

वाक्य पूर्ण आहे, व्याकरणशुद्ध आहे, अर्थही लागतो. फक्त 'क्षमा असावी, पण' हे शब्द नाहीत, आणि त्यांच्याबरोबर दिवाणाची अदबही नाही. राजासमोर शंका काढताना जीभ अडखळणारा माणूस नकलेत एकदम उद्धट झाला. मंडळीने दहा दिवस त्याच वाक्यावर तालीम केली. सर तालमीला गेले आणि दिवाणाचे काम करणाऱ्या मुलाला म्हणाले, 'अरे, इतका ताठ का बोलतोस?' त्याने उत्तर दिले, 'सर, नकलेत असंच आहे.' तेव्हा चूक उघड झाली.

कारण तांत्रिक आहे, पण ते नीट समजून घेण्यासारखे आहे. एलएक्सएमएल आणि पायथनची स्वतःची एलिमेंटट्री या दोन्हींत मजकुराला स्वतंत्र अस्तित्व नसते. टॅग उघडल्यानंतर पहिल्या आतल्या टॅगपर्यंतचा मजकूर त्या टॅगचा 'टेक्स्ट' मानला जातो, आणि टॅग बंद झाल्यानंतर पुढच्या टॅगपर्यंतचा मजकूर त्याच टॅगची 'टेल', म्हणजे शेपटी, मानली जाते. 'क्षमा असावी, पण' हे शब्द वाचकाच्या दृष्टीने भाषणाचे आहेत. लायब्ररीच्या दृष्टीने ते सूचनेची शेपटी आहेत. सूचना काढली की शेपटी तिच्याबरोबर जाते. हे लपवलेले नाही, लायब्ररीच्या माहितीपत्रकात लिहिलेले आहे. टॅग काढणाऱ्या फंक्शनला शेपटी राखण्यास वेगळे सांगावे लागते, आणि ते मी सांगितले नव्हते. डॉम या दुसऱ्या पद्धतीच्या लायब्ररीत मजकुराचे तुकडे स्वतंत्र नोड (घटक) असतात, तेथे ही विशिष्ट चूक झाली नसती. म्हणून हा दोष सगळ्या क्रमवार प्रोग्रामांच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. तरीही एक गोष्ट खरी आहे: या पद्धतीत मजकुराच्या प्रत्येक तुकड्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर असते, आणि ज्या तुकड्याची आठवण राहिली नाही तो गुपचूप गळतो.

दुसरी पद्धत: टेम्प्लेटचे नियम

त्यानंतर वाचनप्रत आणि नकला मी एक्सएसएलटीमध्ये, म्हणजे एक्सएमएलचे रूपांतर करण्यासाठीच असलेल्या भाषेत, नव्याने लिहिल्या. एक्सएसएलटीची पहिली आवृत्ती १६ नोव्हेंबर १९९९ रोजी डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेची शिफारस झाली. तिचे संपादक जेम्स क्लार्क होते, आणि तिच्या मागे एक्सएमएलची पूर्वज असलेल्या एसजीएमएलच्या काळातील, दस्तऐवजांचे रूप ठरवणाऱ्या डीएसएसएसएल या १९९६ च्या आंतरराष्ट्रीय मानकाची परंपरा होती. छापील दस्तऐवजांचा अनुभव या भाषेच्या हाडात आहे, हे वापरताना जाणवते. येथे कोठे जायचे हे आपण सांगत नाही. सूचना भेटली तर ती तिरप्या अक्षरांत छाप, पद भेटले तर ओळी मोडून छाप, दुरुस्ती भेटली तर तिला अधोरेखा दे, असे सुटे नियम (टेम्प्लेट) आपण लिहितो, आणि प्रत्येक नियमाच्या पोटात 'आता याच्या आतल्या सर्वांना त्यांचे त्यांचे नियम लाव' एवढीच सूचना असते. एकात एक बसलेल्या टॅगांचे झाड चढण्या-उतरण्याचे काम प्रोसेसर, म्हणजे हे नियम चालवणारा प्रोग्राम, करतो. त्यामुळे सूचनेत दुरुस्ती आली काय किंवा पदात सूचना आली काय, नियम तेच राहतात.

याचा खरा लाभ सरांच्या एका मागणीच्या वेळी दिसला. पदाच्या मध्ये येणारी सूचना कंसात हवी आणि इतरत्र ती तिरपीच राहू द्यावी, असे त्यांनी सांगितले. पायथनमध्ये सूचना छापणाऱ्या फंक्शनच्या आत आपण पदात आहोत की नाही हे तपासणारी नवी अट घुसवावी लागली असती. एक्सएसएलटीमध्ये 'पद/सूचना', म्हणजे पदाच्या आतली सूचना, या आकृतिबंधाचा एक नवा नियम जोडला आणि काम झाले. नुसत्या नावाच्या आकृतिबंधाचा मूळ अग्रक्रम ० असतो आणि असा मार्ग दाखवणाऱ्या आकृतिबंधाचा ०.५, त्यामुळे अधिक नेमका नियम आपोआप वरचढ ठरतो. सरांनी ती फाइल स्वतः उघडून पाहिली आणि पुढच्या आठवड्यात 'स्वगत' भाषणांसाठीचा नियम स्वतः लिहिला. आयुष्यभर व्याकरण शिकवलेल्या माणसाला उत्सर्ग (सामान्य नियम) आणि अपवाद ही रचना परकी वाटली नाही.

सर्व काही सोपे मात्र नव्हते. पायथनच्या लायब्ररीमागे असलेले लिबएक्सएसएलटी हे प्रोसेसर एक्सएसएलटीच्या पहिल्या आवृत्तीपुरतेच आहे, आणि त्या आवृत्तीत नियमाच्या आकृतिबंधात चलाचे (व्हेरिएबलचे) मूल्य वापरता येत नाही. 'ज्या पात्राची नक्कल हवी त्याचे भाषण' असा नियम त्यामुळे लिहिताच येत नाही. प्रत्येक भाषण घेऊन आत अट तपासावी लागते, म्हणजे टेम्प्लेटच्या पोटात पुन्हा क्रमवार प्रोग्रामच येतो. आधीच्या भाषणातील शेवटचे तीन शब्द तोडून घेण्यासाठीही त्या आवृत्तीत सरळ साधन नाही, स्वतःलाच बोलावणारे टेम्प्लेट लिहावे लागते. २३ जानेवारी २००७ च्या दुसऱ्या आवृत्तीत या दोन्ही अडचणी मिटलेल्या आहेत, म्हणून मी मायकेल के यांच्या सॅक्सन या प्रोसेसरकडे वळलो. आकृतिबंधात चल आले, शब्द तोडणारे फंक्शन मिळाले, आणि नकलेचा सगळा भाग 'नक्कल' नावाच्या वेगळ्या मोडमध्ये, म्हणजे नियमांच्या वेगळ्या संचात, ठेवता आला, जेथे सूचनेचा नियम रिकामा आहे. सूचना गेली, पण तिच्या मागचे शब्द जागच्या जागी राहिले, कारण एक्सएसएलटीच्या झाडात मजकूर हा कोणाचीही शेपटी नसून भाषणाचे स्वतंत्र अपत्य असतो.

अर्ध्या र ची चूक

दोन्ही पद्धतींतील सर्वांत मोठा फरक मला एका टंकनदोषाने दाखवला. वहीच्या पानाच्या कोपऱ्यात व्यवस्थापकाने लिहिलेल्या टिपांसाठी <कोपऱ्यातील-नोंद> असा टॅग होता. एक टंकलेखिका 'ऱ्या' हे अक्षर 'ऱ' या स्वतंत्र वर्णाने टंकित करत असे. दुसरीच्या कीबोर्डवर तेच अक्षर साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांतून तयार होत असे. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. यूनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरण चालवले तरी ते एक होत नाहीत. एक्सएमएलच्या २००८ च्या पाचव्या आवृत्तीपासून ते अदृश्य चिन्ह टॅगच्या नावात चालते, त्यामुळे फाइल वाचणाऱ्या आमच्या पार्सरनेही हरकत घेतली नाही. प्रोग्रामच्या लेखी मात्र हे दोन निरनिराळे टॅग होते, आणि त्यांपैकी एकच त्याच्या ओळखीचा होता.

अनोळखी टॅगचे दोन्हीकडे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. पायथनच्या पानवार प्रतीत ओळखीच्या टॅगांची अटींची साखळी होती. अनोळखी टॅग कोणत्याच अटीत बसला नाही आणि त्यातील टीप पानावरून नाहीशी झाली. एक्सएसएलटीच्या वाचनप्रतीत अंगभूत नियम लागू झाला. हा नियम सांगतो की ज्या टॅगसाठी काहीच लिहिलेले नाही त्याच्या आत उतर आणि मजकूर भेटेल तो जसाच्या तसा छाप. त्यामुळे राणीच्या विलापाच्या मधोमध 'बत्त्या मंद कराव्या, पेटी हळू' हे शब्द आले. सरांनी ते पहिल्याच वाचनात पकडले. पानवार प्रतीतील गहाळ टीप मात्र वाचनप्रतीतली चूक सापडेपर्यंत कोणाच्याही लक्षात आली नव्हती, कारण जे नाही ते वाचताना दिसत नाही.

माझे मत या प्रसंगाने पक्के झाले. या दोन पद्धतींची तुलना सहसा वेग, ओळींची संख्या किंवा शिकण्यास लागणारा काळ यांवर केली जाते. जुन्या मजकुराच्या कामात पहिला प्रश्न वेगळा आहे: ज्याचा विचार लिहिणाऱ्याने केलेला नाही, त्याचे काय होते? नियमांची पद्धत मूलतः मजकूर छापते, लूपची पद्धत मूलतः मजकूर टाकून देते. बाहेर आलेला अधिक मजकूर कुरूप दिसतो आणि म्हणून सापडतो. बिलांच्या किंवा मालाच्या याद्यांच्या एक्सएमएलमध्ये मी कदाचित उलटे म्हटले असते, कारण तेथे नको ते बाहेर जाणे अधिक घातक ठरू शकते. नाटकाच्या वहीत दिवाणाचे तीन शब्द गळणे अधिक घातक आहे.

या नियमाला एक मर्यादा आहे, आणि ती आम्ही उशिरा ओळखली. अंगभूत नियम मजकूर राखतो, पण गुणधर्मांकडे स्वतःहून जात नाही. 'मूळ' या गुणधर्मात ठेवलेला खोडलेला शब्द मागितल्याशिवाय कधीच बाहेर येत नाही. जो शब्द हरवून चालणार नाही तो गुणधर्मात न ठेवता टॅगच्या पोटात ठेवावा, असे आता आमचे धोरण आहे, आणि नव्या वह्यांत मूळ शब्दासाठी <खोडलेले> हा स्वतंत्र टॅग वापरला जातो.

पानवार प्रत: जेथे टेम्प्लेट अडले

वाचनप्रतीच्या यशानंतर पानवार प्रतही एक्सएसएलटीमध्ये नेण्याचा प्रयत्न मी केला आणि तो सोडून दिला. वहीचे पान नाटकाच्या रचनेला जुमानत नाही; ते भाषणाच्या मध्ये संपते, पदाच्या ओळीच्या मध्येही संपते. म्हणून पान हा टॅग रिकामा आहे, तो फक्त 'येथून पुढचे पान' एवढेच सांगतो. झाडाचे तुकडे अंक, प्रवेश, भाषण या रेषांवर पडतात; पानांचे तुकडे त्या रेषांना आडवे छेदतात. दुसऱ्या आवृत्तीतील गट पाडण्याची सोय पानाच्या सर्व खुणा एकाच पातळीवर असतील तर सुरेख चालते, आमच्या खुणा मात्र तीन-चार निरनिराळ्या खोलींवर होत्या. दोन खुणांमधले तेवढेच नोड ठेवून बाकीचे झाड प्रत्येक पानासाठी पुन्हा गाळायचे, असा मार्ग निघाला. उत्तर बरोबर आले, परंतु शंभरेक ओळींची ती फाइल पंधरा दिवसांनी मलाच नीट उलगडेना, आणि मोठ्या नाटकावर ती स्पष्टपणे हळू चालत होती.

क्रमवार पद्धतीत हेच काम चाळीसेक ओळींत बसले. प्रोग्राम फाइल आरंभापासून वाचत जातो आणि उघडलेल्या टॅगांची थप्पी जवळ ठेवतो. पानाची खूण आली की थप्पीतील टॅग उलट्या क्रमाने बंद करायचे, नवे पान सुरू करायचे आणि तेच टॅग पुन्हा सरळ क्रमाने उघडायचे. तुटलेल्या भाषणाला 'पुढे चालू' अशी खूण द्यायची, म्हणजे पात्राचे नाव दुसऱ्यांदा छापले जात नाही. ज्या कामात 'आतापर्यंत काय घडले' हे सतत लक्षात ठेवावे लागते, तेथे असा प्रोग्राम कागदावर बोट ठेवून वाचण्याइतका सरळ होतो. एक्सएसएलटीत चलाचे मूल्य एकदा ठरले की बदलत नाही, आणि तेथे हीच स्मृती आडवळणाने उभी करावी लागते. जून २०१७ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यासाठी ॲक्युम्युलेटर, म्हणजे वाचत जाताना मूल्य साठवत नेणारी साधने, आली आहेत, परंतु टॅग तोडून पुन्हा उघडण्याची गरज त्यांनी संपत नाही.

पदांच्या सूचीबद्दल थोडकेच सांगण्यासारखे आहे. रागानुसार गट पाडणे पायथनमध्ये आणि एक्सएसएलटीच्या दुसऱ्या आवृत्तीत सारखेच सोपे आहे. अकारविल्हे लावताना मात्र दोन्हीकडे मराठी क्रम मुद्दाम सांगावा लागतो, कारण संगणकाच्या मूळ क्रमात ळ हा ल च्या लगेच पाठोपाठ येतो, आणि आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. सूची पायथनमध्येच राहिली.

आता चालू असलेली व्यवस्था

वाचनप्रत आणि नकला टेम्प्लेटने, पानवार प्रत आणि सूची पायथनने, अशी विभागणी आता कायम आहे. टॅगची नावे रिलॅक्स एनजी या भाषेतील स्कीमावर, म्हणजे मान्य टॅगांच्या नियमावलीवर, तपासल्याशिवाय कोणतीही फाइल पुढे जात नाही. हे पहिल्याच दिवशी करायला हवे होते, कारण अर्ध्या र ची चूक तेथेच अडली असती. पायथनमधील अटींच्या साखळीच्या शेवटी आता अनोळखी टॅगसाठी प्रोग्राम थांबवणारी ओळ आहे. एक्सएसएलटीमध्ये तिसऱ्या आवृत्तीच्या सोयीने, नियम न सापडल्यास इशारा देण्यास सांगितले आहे. मजकूर बाहेर येतोच, पण त्याची नोंदही होते.

त्याखेरीज प्रत्येक नाटकासाठी एक स्वतंत्र पडताळणी चालते. मूळ फाइलमधील सूचना वगळून उरणारा सर्व मजकूर एका बाजूला आणि सर्व पात्रांच्या नकलांमधील स्वतःची भाषणे नाटकाच्या क्रमाने लावून दुसऱ्या बाजूला ठेवायची, मोकळ्या जागा सारख्या करायच्या आणि अक्षर अन् अक्षर जुळते का ते पाहायचे. ही तपासणी जुन्या नकलांवर चालवली तेव्हा दिवाणाच्या वाक्याखेरीज त्याच नाटकात आणखी सतरा ठिकाणी शब्द गळलेले सापडले. त्यांपैकी बहुतेक वाक्ये उरलेल्या शब्दांनिशीही निर्दोष वाचली जात होती. मंडळीला नव्या नकला छापून दिल्या आणि जुन्या परत घेतल्या.

एक प्रश्न सुटलेला नाही. दोन वह्यांत व्यवस्थापकाने प्रयोगाची लांबी कमी करण्यासाठी मजकुरावर काट मारली आहे, आणि ती काट एका भाषणाच्या मध्ये सुरू होऊन तिसऱ्या भाषणाच्या मध्ये संपते. पानांप्रमाणेच तिला आरंभाची आणि शेवटाची रिकामी खूण दिलेली आहे. वाचनप्रतीत तो भाग फिकट दाखवायचा तर टेम्प्लेटला प्रत्येक शब्दाशी 'मी काटेच्या आत आहे का' हे विचारावे लागते, आणि नकलेत तर दोन प्रती हव्यात, एक काटेसह आणि एक काटेविना. सध्या पायथनची एक छोटी पायरी आधी चालवून काटेतील प्रत्येक तुकड्याला वेगळा टॅग दिला जातो आणि मग तो मजकूर टेम्प्लेटकडे जातो. एका वहीवर हे जमले आहे. दुसऱ्या वहीत काटेवर पुन्हा काट आहे, आणि तिच्यातील आतली काट आधी मारली गेली की नंतर, हे सर शाईच्या रंगावरून ठरवत आहेत.